पेडलचा मान

जावयाची नवी सायकल दारात आली तेव्हा वस्ताद दाढी करत होता. शनिवारी संध्याकाळीच तो दाढी उरकून घ्यायचा, कारण रविवारची सकाळ टेकडीची. अर्ध्या गालावर फेस घेऊन तो बाहेर आला आणि त्या सायकलकडे असा बघत राहिला, की जणू कुणी दारात उंट आणून बांधलाय आणि आता ह्याला खायला काय घालायचं.

"ही सायकल?"

"हो बाबा," जावई म्हणाला. "पुढे शॉक, मागे शॉक. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक."

"आणि चालवायला माणूस पण सोबत देतात का?"

जावई हसला. वस्तादला जावयाचं हेच खटकायचं. टोमणा मारला की माणसाने चिडावं, निदान कपाळाला आठी तरी घालावी. मारणाऱ्याच्या कष्टाचं चीज होतं. हा हसायचा. टोमणा फुकट.

जावई विम्याच्या कचेरीत कामाला. दिवसभर खुर्चीत बसून लोकांच्या अपघातांचे कागद तपासायचा आणि सहा महिन्यांपूर्वी त्याला सायकलचं खूळ लागलं. खूळ लागायला वस्तादची हरकत नव्हती, त्याला स्वतःला बावीस वर्षांपासून तेच लागलं होतं. पण ह्या पठ्ठ्याने सायकल शिकली कुठे, तर फोनवर. कुठलातरी दाढीवाला परदेशात डोंगर उतरतो आणि हा इथे पलंगावर पडून मान डावी-उजवी करतो. तेवढ्यावर शॉकमध्ये हवा किती, हँडल रुंद किती, ह्यावर तासभर बोलू शकायचा. मागच्याच महिन्यात घरी जेवायला बसल्यावर वस्तादला म्हणाला होता, "बाबा, तुमच्या सायकलला रिमचे ब्रेक म्हणजे जुनं तंत्र झालं." वस्तादने घास तसाच धरून ठेवला होता. त्याच्या बायकोने घाईघाईने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला, म्हणून तो घास तोंडात गेला, नाहीतर कुठे गेला असता सांगता येत नाही.

वस्ताद म्हणजे पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसातला फिटर. शाळा सातवीत सुटली, पण पंप कुठे दुखतोय ते कान लावून सांगायचा. साहेब लोक मीटर बघायचे, हा पंपाला कान लावायचा, आणि बहुतेक वेळा मीटरच्या आधी ह्याला कळायचं. वस्ताद हे नाव त्याला तिथेच पडलं, आणि ते त्याने असं अंगाला शिवून घेतलं होतं की घरी बायकोसुद्धा "अहो वस्ताद, दूध उतू गेलं" म्हणायची.

गावाच्या मागे टेकडी आहे आणि टेकडीच्या पोटात बंद पडलेली खडीची खाण. दर रविवारी वस्ताद टेकडीवर सायकल घेऊन जायचा. सायकल त्याच्याइतकीच हट्टी. सांगाडा दोनदा मोडला, दोनदा त्याने स्वतः वेल्डिंग मारलं. सोबत दोघं कायमचे. एक मास्तर, शाळेत गणित शिकवणारे, चष्मा दोरीने बांधून उतरणारे. दुसरी सायकलवाली, जिचं बाजारात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि जिची जीभ तिच्या पान्यांपेक्षा धारदार होती. बाकीचे यायचे आणि जायचे. वस्ताद त्यांना "दुकानवाले" म्हणायचा, कारण ते अख्खं दुकान अंगावर घालून यायचे: चष्मा, हातमोजे, गुडघ्याला ढाली, पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिची नळी तोंडात. दोन रविवार टेकायचे. तिसऱ्या रविवारी त्यांच्या सायकली दिवाणखान्यात कपडे वाळत घालायच्या कामाला लागायच्या.

ह्या टोळीची एक रीत होती, वस्तादनेच घालून दिलेली. एक गंजकं पेडल होतं, तारेत ओवलेलं. ज्याने टेकडीवर मोठा गाढवपणा केला, त्याच्या गळ्यात ते जायचं, आणि पुढचा कुणी त्याहून मोठा गाढवपणा करेपर्यंत दर रविवारी ते घालूनच सायकल चालवायची. मास्तरांनी ते सात वेळा घातलं होतं, आणि सध्याही ते त्यांच्याच गळ्यात होतं. एकदा तर त्यांनी टायरात हवा अशी ठासली, की ओल्या दगडावर सायकल साबणासारखी सटकली. तेव्हा वस्तादने त्यांना अंगठ्याने टायर दाबायला शिकवलं. "पिकायला आलेल्या टोमॅटोसारखं लागलं पाहिजे, मास्तर. दगडासारखं नाही. दगड खाली आहेतच भरपूर." सायकलवालीने दोनदा घातलं, एकदा सगळ्यांसाठी ट्यूब आणली आणि स्वतःच्या मापाची विसरली.

वस्तादने बावीस वर्षांत एकदाही घातलं नव्हतं. ही गोष्ट तो नव्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत सांगायचा. जुन्यांना दर महिन्याला आठवण करून द्यायचा.

तर असा हा जावई उद्या टोळीबरोबर टेकडी उतरणार होता. मुक्कामाला आला होता लेकीला घेऊन.

लेक हाडांच्या दवाखान्यात होती, प्लास्टरच्या खोलीत. लोकांचे मोडलेले हातपाय बांधायचं काम. स्वभावाने थेट बापावर गेलेली. स्वयंपाकघरात कणीक मळता मळता ती म्हणाली, "बाबा, एक सांगून ठेवते. सोमवारी सकाळी माझ्याकडे जी रांग लागते ना, त्यातले निम्मे तुमच्या टेकडीवरून येतात."

"ते दुकानवाले. आमच्यातला एक तरी आला का कधी?"

"उद्या माझी दिवसपाळी आहे. ह्यांना मी प्लास्टर घालणार नाही. अख्खे नेताय, अख्खे आणा."

"मी नेतोय म्हटल्यावर..."

"तुम्ही नेताय म्हणूनच सांगतेय. तुम्ही त्यांना शिकवणार नाही, तुम्ही त्यांची मजा बघणार. ओळखते मी तुम्हाला. शब्द द्या."

वस्तादने शब्द दिला. जरा तोंड वाकडं करून दिला, पण दिला. आणि वस्तादचा शब्द म्हणजे काय हे पंपहाउसात कुणालाही विचारा.

जेवायच्या आधी तो ओट्यावर आला. नवी सायकल मधेच आडवी उभी होती, म्हणून त्याने ती भिंतीकडे सरकवली. चाक फिरलं आणि ब्रेक लागला तसा "चींऽऽ" असा आवाज आला, की शेजारचं कुत्रं उठून बसलं. वस्तादने पुन्हा सरकवली. पुन्हा चीं. त्याने चष्मा चढवला आणि वाकून बघितलं. चाकाच्या मधोमध ताटलीसारखी पातळ लोखंडी चकती, तिला चिमटा धरलेला. चकती कोरडी ठणठणीत. तेलाचा थेंब नाही.

वस्तादच्या अंगात जो आनंद पसरला, तो सांगून कळायचा नाही. सहा महिने हा माणूस आपल्याला तंत्र शिकवतोय, आणि ह्याला तेल घालायची अक्कल नाही! तीस वर्षं वस्ताद एकच गोष्ट मानत आला होता, की लोखंड ओरडतं तेव्हा ते तेल मागतं. पंप ओरडला, तेल. दार ओरडलं, तेल. बायको सोडून घरात ओरडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला त्याने तेल घातलं होतं. त्याने पंपहाउसातली जाड तेलाची बुधली आणली, फडक्यावर तेल घेतलं आणि दोन्ही चाकांच्या चकत्या पुढून मागून मस्त पुसून काढल्या. चिमट्यातही दोन-दोन थेंब सोडले. चाक फिरवून ब्रेक दाबला. आवाज गायब. लोण्यासारखं.

जावयाला त्याने काही सांगितलं नाही. का सांगावं? त्याच्या मनात बेत शिजत होता. उद्या टेकडी उतरून खाली चहाला बसलो की सगळ्यांसमोर विचारायचं, जावईबापू, आज ब्रेक का ओरडला नाही? तो फोनवरचं काहीतरी सांगेल. मग आपण सांगायचं. आणि मग मास्तर स्वतःच्या गळ्यातलं पेडल काढतील. झोपेपर्यंत तो गालातल्या गालात हसत होता.

सकाळी उजाडताच निघाले. निघताना वस्तादने जावयाची पाठीवरची पिशवी ओट्यावर उलटी केली. त्यातून एक छोटा स्पीकर पडला, गोड चिकट काहीतरी भरलेल्या चार पुड्या, एक घडीची खुर्ची. खरंच सांगतो, घडीची खुर्ची.

"ट्यूब कुठाय?"

"ट्यूब... हे टायर पंक्चर होत नाहीत बाबा, असं लिहिलंय."

"टेकडीला वाचता येत नाही, जावईबापू. पंक्चर झाल्यावर काय करणार? खुर्चीत बसून गाणी ऐकणार?" त्याने स्वतःच्या पिशवीतली जादा ट्यूब काढून दिली, टायर उचकटायच्या दोन पट्ट्या दिल्या आणि जुन्या टायरचा बोटभर कापलेला तुकडा दिला. "टायर दगडाने चिरलं तर हा आतून लावायचा, मग ट्यूब फुगवायची. घरी पोचेपर्यंत टिकतो. आणि पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं. तहान लागली म्हणजे उशीर झाला."

जावई प्रत्येक गोष्टीला "हो बाबा" म्हणत होता. एवढंच नाही, तर खिशातल्या डायरीत लिहीत होता. वस्तादला वाटलं, हा आपली टिंगल करतोय.

मास्तर आणि सायकलवाली वाटेत येऊन मिळाले. पहिल्या चौकात जावयाने ब्रेक दाबला आणि तो थांबायच्या जागेपेक्षा हातभर पुढे जाऊन थांबला.

"बाबा, ब्रेक जरा कमी लागतोय आज. आवाजही गेला."

"गेला ना आवाज? मग नशीब समजा. गप्प ब्रेक हा चांगला ब्रेक. तुम्हाला गोंगाटाची सवय झालीय."

मागून सायकलवालीने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. कचेरीतली बोटं आहेत, जोर नाही त्यांच्यात." मास्तर खो-खो हसले. जावईही हसला आणि पेडल मारायला लागला.

चढ सगळा धुळीचा. पहिली वीस मिनिटं जावई वस्तादच्या पुढे होता, नंतरची चाळीस मिनिटं दिसेनासा मागे. वस्तादने थांबून त्याला येऊ दिलं, पण तिथेही सोडलं नाही. "चढावर शर्यत लावायची नाही. बोलता येईल इतक्याच दमात चढायचं. बोलता येत नसलं तर खालचा गिअर. खालचा गिअर संपला तर उतरा आणि ढकला. ढकलण्यात लाज नाही, लाज आहे ती मधेच आडवं पडून मागच्यांची वाट अडवण्यात." जावयाला बोलताच येत नव्हतं, त्यामुळे "हो बाबा" तेवढं ऐकावं लागलं नाही.

माथ्यावर पोचल्यावर वस्तादने सायकली टेकवायला लावल्या. उतरायच्या आधी वाट पायी चालून बघायची, हा त्याचा नियम. बावीस वर्षं तीच वाट, तरी दर वेळी चालायचा. पावसाने एक दगड हलवला तरी वाट बदलते.

चालता चालता तो बोलत होता. "सीट खाली. पूर्ण खाली. उतारावर सीट बसायला नसते. बूड मागे, कोपर बाहेर, ब्रेकवर एकच बोट. चाक गच्च धरून ठेवायचं नाही, धरायचं सोडायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जिकडे बघाल तिकडे जाल. दगडाकडे बघाल तर दगडावर जाल. वाटेकडे बघा. एवढं जमलं तर बाकीचं आपोआप जमतं, आणि एवढं नाही जमलं तर बाकीचं जमून उपयोग नाही."

अर्ध्या वाटेवर ते वळण आलं. तिथे वाट डावीकडे वळते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, उजवीकडे, सरळ खाण. कठडा-बिठडा काही नाही. वळणाच्या थोडं आधी डाव्या हाताला मात्र मऊ मातीचा उंचवटा आणि त्यावर झुडपं.

"इथे काय वाटेल ते झालं तरी डावीकडे," वस्ताद म्हणाला. "सायकल मातीत घाला. सायकल दुसरी मिळते."

जावयाने खाणीत वाकून बघितलं. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरा पातळ झालं. वस्तादला बरं वाटलं.

वर येऊन उतरायची तयारी झाली. आणखी एक नियम होता, सायकल उभी करून दोन्ही ब्रेक दाबायचे आणि पुढे ढकलून बघायची. सगळ्यांनी बघितलं. जावयाने ब्रेक दाबला, ढकललं, चाक अडलं पण जरा सरकलंही.

"बाबा, हे बघता का जरा?"

वस्तादने बघितलंही नाही. "अडलं ना? झालं. वर नुसतं उभं राहून ब्रेक सुधारत नाही, चला." आणि हेल्मेटचा पट्टा आवळून तो सुटला. एकाने सुटायचं, तो वळणाला पोचून हात वर करेपर्यंत दुसऱ्याने सुटायचं नाही, अशी पद्धत.

वस्ताद वळणाला पोचला, सायकल मातीच्या उंचवट्यापाशी आडवी टाकली आणि वळून हात वर केला. वरून जावई सुटला.

पहिल्या दगडांवर तो बरा आला. सीट खाली, बूड मागे, कोपर बाहेर. वस्तादच्या मनात आलं, अरे, ऐकलं की ह्याने. मग वेग वाढला. वाढायला नको होता तिथे वाढला. एवढ्या उतारावर नवा माणूस ब्रेक आवळत येतो, आणि त्या सायकलच्या ब्रेकने अख्खी टेकडी डोक्यावर घ्यायला हवी होती. पण आवाज काहीच नव्हता. नुसती टायरांची खरखर. वस्तादला जावयाची बोटं दिसली. एक बोट नाही, दोन्ही हातांची सगळी बोटं, दांडे हँडलला टेकेपर्यंत आवळलेली. चाकं तशीच फिरत होती, लोण्यासारखी.

तेव्हा त्याला कळलं.

तीस वर्षं पंपाला कान लावणाऱ्या माणसाला कळलं, आणि कळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात जावई वीस हात खाली आला होता. दार ओरडतं कारण ते फिरायला हवं असतं. ब्रेक ओरडतो कारण तो धरत असतो. त्याचं ओरडणंच त्याचं काम. आणि आपण त्याला गप्प केलं.

जावई खाणीकडे बघत होता. वस्तादने ते डोळे बघितले. जिकडे बघेल तिकडे जाईल. ओरडून "खाण" म्हटलं असतं तर अजूनच तिकडे बघितलं असतं. वस्तादने उंचवट्यासमोर वाटेच्या मधे उडी घेतली, दोन्ही हात पसरले आणि बोंब ठोकली.

"माझ्याकडे बघ! गाढवा, माझ्या तोंडाकडे बघ! इकडे ये, मार मला!"

सासरा जावयाला आजवर कधी अरे-तुरे बोलला नव्हता. टोमणेसुद्धा "जावईबापू" लावून. त्या एका हाकेने जावयाची मान गर्रकन फिरली. मान फिरली तसे खांदे फिरले, आणि चाक त्यांच्या मागे आलं. तो सरळ सासऱ्यावर आला. वस्ताद शेवटच्या क्षणी बाजूला झाला, पुरता नाही. धडक खांद्याला बसली, सायकल मातीत घुसली, जावई झुडपात गेला आणि नवी कोरी सायकल हवेत एक कोलांटी मारून वस्तादच्या सायकलच्या पुढच्या चाकावर पडली. बावीस वर्षांचं चाक पापडासारखं मोडलं.

थोडा वेळ नुसती धूळ.

"बाबा," झुडपातून आवाज आला. "लागलं का तुम्हाला?"

वस्ताद खांदा धरून झुडपाकडे धावला.

जावयाचं मनगट सुजून भाकरीएवढं झालं होतं. बाकी ओरखडे. मास्तर आणि सायकलवाली सायकली ढकलत वरून पळत आले, मग चौघंही पायीच खाली उतरले. सायकलवालीने फोन करून दुकानाचा टेम्पो खाली मागवून घेतला होता. मास्तरांनी, माणूस जिवंत आहे आणि बोलतोय हे बघून, स्वतःच्या गळ्यातलं पेडल काढलं. रीत ती रीत.

"ब्रेक धड नसताना उतरले. खाणीच्या तोंडाशी. ह्या वर्षातला सर्वांत मोठा," ते म्हणाले आणि जावयाच्या गळ्यात तार घातली. जावयाने मान वाकवून घालून घेतली.

सायकलवाली सायकल टेम्पोत चढवत होती. तिने चाक फिरवलं, ब्रेक दाबला, भुवई वर गेली. चकतीवर बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं.

"तेल," ती म्हणाली. "कुठल्या शहाण्याने डिस्कला तेल चोपडलंय?"

मास्तरांनी जावयाकडे बघितलं. "फोनवर दाखवलं असेल कुणीतरी."

"नाही, मी तर..." जावई थांबला. दुखण्याने त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "असेल. परवा चेनला तेल घातलं, तेव्हा उडालं असेल. माझीच चूक."

"उडालेलं नाही हे. आणि चेनचं तेल असं नसतं." सायकलवालीने बोट पुन्हा हुंगलं. "हे जाड आहे. यंत्राचं." मग तिने वस्तादकडे बघितलं. फार वेळ नाही. बघितलं, फडक्याला बोट पुसलं आणि टेम्पोचं मागचं दार लावलं.

आता बोलावं, आता बोलावं असं म्हणत वस्ताद दवाखान्यापर्यंत गप्प राहिला. एक्स-रे काढला, डॉक्टरांनी मनगटात तडा आहे सांगितलं आणि प्लास्टरच्या खोलीत धाडलं.

लेकीने नवऱ्याला बघितलं, बापाला बघितलं. पाण्याची बादली ओढली, पट्टी भिजवली. मग तिचं लक्ष त्या पेडलवर गेलं.

"ही काय माळ?"

"गाढवपणा करणाऱ्याला घालतात," जावई म्हणाला. "डिस्कला तेल लागलं माझ्याकडून."

"तुम्ही ना!" लेक म्हणाली. "साधी एक गोष्ट धड येत नाही तुम्हाला. एवढ्या मोठ्या सायकलवर बसायचं, आणि अक्कल बघा! दोन चाकं सांभाळता येत नाहीत आणि मला टेकडी दाखवतात." पट्टी गुंडाळत ती बोलतच होती, आणि प्रत्येक शब्द तिखट, नेमका, जिथे लागेल तिथे बसणारा. वस्ताद बाकावर बसून ऐकत होता. तो आवाज त्याला ओळखीचा होता. तो त्याचाच होता. नुसता गळा बाईचा. आणि समोर तो माणूस मनगट पुढे करून हसायचा प्रयत्न करत होता, आणि आज पहिल्यांदा वस्तादला दिसलं की ते हसू टोमणा फुकट घालवण्यासाठी नव्हतं. त्याला लागायचं. लागायचं म्हणून तो हसायचा.

"पुरे," वस्ताद म्हणाला.

"तुम्ही मधे बोलू नका बाबा. तुमच्याशी नंतर बोलते."

"नंतर नको. आत्ता बोल." तो उठला. "तेल मी घातलं. काल संध्याकाळी. पंपहाउसच्या बुधलीतलं. आवाज करत होता म्हणून. आणि मुद्दाम सांगितलं नाही, चहावर ह्यांची जिरवायची होती. सकाळी दोनदा सांगितलं त्यांनी ब्रेक लागत नाही म्हणून. दोन्ही वेळा मीच गप्प बसवलं. आधी ब्रेकला, मग त्यांना."

लेकीचे हात थांबले होते.

वस्तादने जावयाच्या गळ्यातलं पेडल काढलं. तार जरा घट्ट होती, मास्तरांनी गणिताच्या माणसासारखी मापात बांधली होती, ती वस्तादच्या डोक्यातून जाईना. कान दुमडून त्याने ती खाली ओढली. पेडल छातीवर येऊन आपटलं.

"बाबा," जावई म्हणाला, "सीट खाली घेतली होती मी. तुम्ही म्हणालात म्हणून. आणि डावीकडे..."

"माहितेय. बघितलं मी."

"मग चांगलं उतरलो ना? ब्रेक सोडला तर?"

वस्तादला दोन-तीन टोमणे सुचले. एक तर फारच चांगला होता. त्याने तो गिळला. गिळताना त्रास झाला.

"चांगला उतरलास," तो म्हणाला.

लेक बापाकडे बघत होती. मग तिने उरलेली पट्टी बादलीत बुडवली आणि म्हणाली, "बाबा, खांदा दाखवा इकडे. आणि ह्या वेळी तोंड बंद ठेवून दाखवा."

सोमवारी कामावरून सुटल्यावर वस्ताद जावयाची सायकल ढकलत सायकलवालीच्या दुकानात गेला. पेडल शर्टाच्या आत होतं, पण तार कॉलरवरून दिसत होती, आणि तिने ती आधी बघितली. मग चकत्या बघितल्या.

"चकत्या पुसून निघतील. चिमट्यातले पॅड फेकून द्यावे लागतील," ती म्हणाली. "एकदा तेल प्यायलेला पॅड परत धरत नाही. घासा, तापवा, काही करा."

"मला शिकव," वस्ताद म्हणाला.

पाना हातात तसाच धरून ती त्याच्याकडे बघत राहिली. बावीस वर्षांत त्याने तिच्या दुकानात पाऊल ठेवलं नव्हतं. स्वतःची सायकल तो कुणाला हातही लावू देत नसे. मग तिची नजर त्याच्या खिशाकडे गेली. कामावरच्या पँटच्या उजव्या खिशातून, सवयीने ठेवलेली, बुधलीची नळी बाहेर डोकावत होती.

"ती आधी बाहेर पायरीवर ठेवा," ती म्हणाली. "मग आत या."

वस्तादने ठेवली.